सरस्वतीपुढे ठेवलेल्या फ्लॉप्या

हयवदन आचार्य जयनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ म्हाताऱ्या बायकांच्या मागे लागायचे. अगदी असंच म्हणायची त्यांची बायको, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुठल्या गल्लीत कोणी ऐंशीची मराठी आजी आहे असं कानावर आलं, की स्वारी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून निघालीच.

त्यामागे एक जुना राग होता. त्यांचं घराणं बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. घरात मराठीच, पण आमटीला हुळी, भाजीला पल्या, आणि थोडं हवं असेल तर स्वल्प. सरकारी कारखान्यांत पुण्या-नागपूरहून नवी आलेली मंडळी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे बोलणं ऐकून तोंडावर हात धरायची. कोणी तर तोंडावरच विचारायचं, "सर, ही मराठी की कानडी?" हयवदनराव तेव्हा हसून वेळ मारून नेत, पण घरी येऊन जेवत नसत. या बोलण्याचा धड कोश करायचा, नुसता शब्दांचा नाही, तर आख्ख्या वाक्यांचा, गाण्यांचा, पाळण्यांचा, आणि मग मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या पोरांना तो शिकवायचा, हे त्यांनी डोक्यात घेतलं ते घेतलंच.

या कामाचा खरा खजिना म्हणजे अंबुबाई, त्यांची चुलत आत्या. सगळे तिला अंबुअक्का म्हणत. थंडीच्या दिवसांत ती पडवीत अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसायची आणि हात चालू ठेवून बोलायची. तिच्या आईचे पाळणे, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, सोवळ्यातल्या बायकांची भांडणं, सगळं तिला पाठ. टेपकडे ती ढुंकून बघायची नाही. "हया, चहा पितोस की नुसता त्या डब्याला पाजतोस?" असं मात्र दर वेळी विचारायची. इतक्या खुशीत आयुष्यात त्या माणसाची दुसरी कुठली दुपार गेली नसेल.

आता इथं शरच्चंद्र आला. पुण्याचा इंजिनियर, एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी, आणि त्या हसणाऱ्यांतला नव्हे. त्याच्या संस्थेत एक कॉम्प्युटर होता आणि त्यात देवनागरी दाखवणारं कार्ड बसवलेलं होतं. ब्याण्णव साली ही काही छोटी गोष्ट नव्हती. शनिवारी दुपारी संस्था रिकामी असायची. साहेबांच्या कानावर घालून शरच्चंद्र सरांना तिथं बसवायला लागला, आणि सर टेप ऐकत ऐकत थेट त्यातच टाइप करायला लागले, वहीबिही नाही.

पहिल्यांदा त्यानं 'हुळी' शब्द टाकून शोधायला सांगितलं तेव्हा पाच आज्यांची पाच वाक्यं पडद्यावर एकाखाली एक उभी राहिली. हयवदनरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्यांतल्या दोघी तोवर गेल्या होत्या. त्या दिवशी ते बसस्टॉपवर उभे राहून चक्क रडले.

"एकदा फ्लॉपीवर गेलं ना सर, की कायमचं," शरच्चंद्र म्हणाला होता. "फक्त दोन सेट करा. वाकवू नका, लोहचुंबकाजवळ ठेवू नका, धुळीपासून जपा." संस्थेच्या यंत्रात खाजगी काही ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून काम झालं की तिथलं पुसायचं. फ्लॉप्या घरी. छपाई सगळं पुरं झाल्यावर, दसऱ्यानंतर, एकदमच करायची असं ठरलं. आणि कॅसेटी? प्राध्यापकाच्या पगारात दर आजीला नवी कॅसेट कुठून आणणार? एकीचं उतरवून झालं की तिच्यावरच दुसरीचं भरायचं. सगळेच असं करत. अंबुअक्काच्या आवाजावर हयवदनरावांनी स्वतःच्या हातानं तीन-चार जणींचे आवाज चढवले, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. फ्लॉपीवर होतंच ना सगळं.

नवरात्र आलं. या गावात आयुधपूजा म्हणजे काय विचारता! बसच्या चाकापासून विळीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. त्याआधी घरोघर सरस्वतीची पूजा. पाटावर पुस्तकं रचायची, आणि दशमी उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हयवदनरावांच्या पाटावर दरवर्षी वडिलांची पोथी, कोश, पंचांग असायचं. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांत वर फ्लॉप्या ठेवल्या. दोन्ही सेट, कारण एकाची पूजा करून दुसऱ्याला वगळायचं हे त्यांच्या मनाला पटेना. कव्हरातून काढूनच ठेवल्या. पुस्तकाची का कोणी कव्हर घालून पूजा करतं? मग ओलं गंध, हळद, कुंकू, अक्षता, अगदी एकेकीला. त्या काळातल्या त्या मोठ्या, लवचिक, काळ्या फ्लॉप्या. मधोमध एक गोल भोक आणि खाली एक लांबट फट, जिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. गंधाचं बोट नेमकं त्या फटीवर टेकलं. कुंकू म्हणजे काय धूळ? त्यांच्या मनात ती शंका आलीसुद्धा नाही. बायको नैवेद्य घेऊन उभी होती. तीही प्रसन्नपणे म्हणाली, "यंदा पाट भरल्यासारखा वाटतोय."

दसऱ्यानंतरच्या शनिवारी शरच्चंद्रनं पहिली फ्लॉपी यंत्रात सरकवली. कर्र कर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला. वाचता येत नाही, असं पडद्यावर इंग्रजीत उमटलं. त्यानं दुसरी घातली, तिसरी घातली. मग दुसऱ्या सेटमधली. आतलं वाचणारं टोक तोवर कुंकवानं माखलं होतं, आणि जी फ्लॉपी कदाचित धड असेल तीही ते खरवडत होतं. हे शरच्चंद्रच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानं फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. बोटाला लाल लागलं.

"सर, हे काय आहे?"

"पूजा केली होती," हयवदनराव म्हणाले.

शरच्चंद्रनं स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला, दुसऱ्या यंत्रावर घालून पाहिलं, दिल्लीच्या मित्राला फोन केला. काही आलं नाही. तो बिचारा स्वतःलाच बोल लावत बसला, की मी दोन सेट करा म्हणालो, पण वेगवेगळ्या घरांत ठेवा म्हणालो नाही. आणि हयवदनराव त्याची समजूत घालत होते. चिडावं तर कोणावर? सरस्वतीवर?

घरी त्यांनी पहिले काही दिवस आठवेल तसं लिहायचा प्रयत्न केला. शब्द आठवत, चाल आठवत नसे. चाल आठवली तर शब्द त्यांचेच, पुस्तकी. अक्काचं म्हणून त्यांनी लिहिलेलं वाक्य वाचलं की ते अक्काचं नव्हे हे त्यांना स्वतःलाच कळायचं. तेवढं कळण्याइतकं त्यांनी तिला ऐकलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास धीर करून ते नवी कॅसेट घेऊन तिच्याकडे गेले. दारातच तिची सून अंजली हलक्या आवाजात म्हणाली, "भावजी, दिवाळीत पाय घसरून पडल्यापासून आत्याबाईंचं जरा तसंच आहे. कधी ओळखतात, कधी नाही." अक्का पडवीतच होती. पुढ्यात शेंगा होत्या, पण हात मांडीवर होते.

तिनं त्यांना ओळखलं. इतकं बरं वाटलं त्यांना! टेप बाजूला ठेवून त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अक्का, तुझ्या आईचा तो पाळणा म्हण ना एकदा."

अक्कानं तोंड उघडलं. ओठ हलले. पहिला शब्द येईना. तिच्या डोळ्यांत भीती आलेली हयवदनरावांनी पाहिली. त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे अक्का. राहू दे."

मग ती भीती गेली. अक्का हसली, अगदी पूर्वीसारखी.

"मला कशाला आठवायला हवं रे," ती म्हणाली. "तुला दिलंय की सगळं. हल्ली रात्री आईचा आवाज आठवायला जाते आणि काही येत नाही. जीव घाबरा होतो. मग म्हणते, हयाकडे आहे. मग झोप लागते." तिनं त्यांच्या हातावर थोपटलं. "तूच म्हण ना आता. मी ऐकते."

ती डोळे मिटून वाट बघत बसली. हयवदनरावांनी घसा खाकरला. आत सुनेनं नळ बंद केला, तीही बहुतेक ऐकायला थांबली होती.

"पुढच्या वेळी अक्का," ते म्हणाले. "छापून आणतो. मग वाचतो."

"सरी, बरं," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "सावकाश आण. तुझ्याकडे आहे ना, मग घाई कसली."