तीन चाकांची सायकल घेण्याआधी

ही गोष्ट मी तीन वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मला मेंदूत रक्तस्राव झाला त्याच्या आधीचे अडीच महिने मी बीपीची गोळी घेत नव्हतो. घेतोय असं दाखवत होतो.

नंदुरबारच्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला तेव्हा मी शुद्धीवर होतो. खोली गरगर फिरत होती, उलट्या थांबत नव्हत्या, पण ऐकू सगळं येत होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि माझ्या बायकोला, रत्नाला, एक पांढरा ठिपका दाखवला.

"सेरिबेलर हॅमरेज आहे," ते म्हणाले. म्हणजे लहान मेंदूत रक्तस्राव. डोक्याच्या मागच्या बाजूला हा लहान मेंदू असतो आणि शरीराचा तोल तो सांभाळतो. बीपी फार वाढलं की तिथली बारीक नस फुटते. "गाठ लहान आहे, ऑपरेशन लागेल असं वाटत नाही. पण दोन-तीन दिवस आयसीयूत लक्ष ठेवावं लागेल."

मग त्यांनी विचारलं, "बीपीची गोळी रोज चालू होती?"

"रोज, साहेब," रत्ना म्हणाली. "रिकामं पाकीट मीच फेकते."

"मग जेवणात मीठ जास्त जात असणार. लोणचं, पापड?"

रत्नाने मान खाली घातली. "लोणचं जातं, साहेब."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. माझी जीभ जड झाली होती, पण 'नाही' एवढं म्हणता आलं असतं. मी डोळे मिटून घेतले.

आमच्या कळसाडीत रत्नाचं लोणचं प्रसिद्ध होतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की कैऱ्या चिरायला पाच बाया बसायच्या, पण मीठ-मसाला घालायला रत्नाच लागायची. दुसऱ्या दिवशी माझी मोठी बहीण लीलाताई रनाळ्याहून आली. आयसीयूबाहेर भावकीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्या देखत ती रत्नाला म्हणाली, "तुन्हा हातना लोणचाना गुण शे हाऊ. मन्हा भाऊना जिभना लाड पुरवी पुरवी त्याले खाटलावर झोपाडं."

हे मला नंतर कळलं, रत्नाकडून नाही, दुसऱ्यांकडून. रत्नाने त्या उन्हाळ्यात कैऱ्या आणल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. लग्नघरं तिला बोलवायची थांबली. मला बिनमिठाची भाजी आणि तिलाही तीच. मी म्हणायचो, तू तरी वेगळी कर. ती म्हणायची, "एकच चूल शे, दोन भाज्या कोन करी?"

आता गोळी का सोडली ते सांगतो. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागते. आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकामीचं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. भरलेली गाडी एकाने तोलली आणि रिकामी दुसऱ्याने, तर गाडीवान भांडायला उठतात. मधेच काट्यावरचा माणूस उठून गेला, की आत काहीतरी गडबड केली अशी शंका. त्यामुळे आमच्यात एक रीतच पडली आहे, पाळी संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. जुने लोक अभिमानाने सांगायचे, मी सात तास उठलो नाही.

माझ्या बीपीच्या गोळीत डाययुरेटिक होतं, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध. सकाळी गोळी घेतली की दर अर्ध्या तासाने जावं लागायचं. एकदा गेलो, तर परत येईपर्यंत चार गाड्यांचा आरडाओरडा. एक गाडीवान हसत म्हणाला, "काटेवाला आप्पाले बाळंतपनना कया सुरू व्हयन्यात का?" सगळी रांग हसली. दुसऱ्या दिवसापासून मी गोळी पाकिटातून काढायचो आणि काट्याच्या खोलीमागे उसाच्या पाचटात टाकून द्यायचो. रिकामं पाकीट घरी न्यायचो. हंगाम संपला की परत सुरू करू, असा विचार होता. हंगाम संपायला नऊ दिवस राहिले असताना मी खुर्चीवरून खाली पडलो.

दवाखान्यात अकरा दिवस होतो. बोलणं महिन्याभरात सुधारलं. हातापायांत ताकद पहिल्यासारखी होती, फक्त तोल गेला होता. याला अटॅक्सिया म्हणतात. पाय टाकतो एकीकडे, पडतो दुसरीकडे. चालताना पाय फाकून, झोकांड्या खात चालावं लागतं. दुधाच्या डेअरीपर्यंत गेलो तर ओट्यावरची माणसं म्हणायची, "सकायमाच लिधी का आप्पा?" मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगतो, या बोलण्याची सवय होते, पण वेळ लागतो.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला शहाद्याला जायचो. जमिनीवरच्या सरळ पट्टीवर टाचेला टाच लावून चालायचं. तिथल्या मॅडम वयाने लहान, पण कडक. तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा एकदा त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या पायांत ताकद आहे, ती वाया चालली आहे. दोन चाकांवर तुम्ही बसू शकणार नाही. रिकम्बंट ट्राइकचा विचार करा." आणि त्यांनी मोबाइलवर दाखवलं.

रिकम्बंट ट्राइक म्हणजे टेकून बसायची तीन चाकी सायकल. पुढे दोन चाकं, मागे एक. मधे जाळीची आरामखुर्ची, जमिनीपासून वीतभर वर. पाय पुढे लांब करून पेडल मारायचं, हँडल मांड्यांच्या दोन बाजूंना. पडायला उंचीच नाही. मी ज्यांना विचारलं त्या डॉक्टरांनीही होकार दिला, पण अटी घातल्या: बीपी ताब्यात हवं, हेल्मेट हवं, पाय पेडलला पट्ट्याने बांधलेले हवेत, कारण अटॅक्सियात पाय घसरून चाकाखाली जाऊ शकतो.

रत्नाने व्हिडिओ पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसली. "हाई ते खाटलं शे. झोपीसन सायकल चालाडतस का कोनी?"

मॅडमच्या ओळखीतून सुरतचे एक गृहस्थ मिळाले. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांमुळे ही सायकल घेतली होती, आता मुलाकडे परदेशी चालले होते आणि सायकल विकायची होती. आम्ही नंदुरबारहून रेल्वेने गेलो. त्यांच्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये त्यांनी मला धरून खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले आणि हात सोडला.

तीन वर्षांत पहिल्यांदा मी काहीही न धरता पुढे गेलो. खांबाला वळसा घातला, परत आलो, पुन्हा गेलो. डोकं फिरलं नाही. रत्ना एका स्कूटरला टेकून उभी होती आणि मी जवळून गेलो की नुसती मान हलवत होती. गृहस्थ म्हणाले, "भाई, इसमें गिरने का डर नहीं है. किसी को दिखोगे नहीं, वो डर है. झंडा लगा के रखना."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून रत्ना म्हणाली, "सायकल लेनी शे. मी म्हैस इकसू." म्हैस तिची. माहेरून आणलेल्या पारडीची केलेली. दुधाचं सगळं तीच बघते.

मी म्हणालो, म्हैस कशाला?

"मन्हा हातना मीठनी तुम्हले पाडं," ती म्हणाली. "आते मीच उभं करसू." हे ती रडून म्हणाली नाही. आनंदात होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बाहेर बघत बसलो.

नंतरचे आठ दिवस मी सायकल नकोच म्हणत राहिलो. रस्त्यात खड्डे आहेत. उसाच्या ट्रॉलीवाल्याला खाली बसलेला माणूस दिसणार नाही. एवढी लांब चेन तुटली तर इथे कोण जोडणार? फाटकातून आत येणार नाही. प्रत्येकावर रत्नाकडे उत्तर तयार. फाटक तिने दोरीने मोजलं, सायकल आत येत होती. चेनीबद्दल वळणावरच्या सायकलवाल्याला विचारून आली, तो म्हणाला दोन साध्या चेनी जोडल्या की होते एक लांब. ट्रॉल्यांसाठी झेंडा, तोही तिने जुन्या भगव्या उपरण्याचा शिवून ठेवला. मला खरंच सायकल हवी होती, पण ती रत्नाने न केलेल्या चुकीची भरपाई म्हणून, तिच्या म्हशीच्या पैशांत मिळत होती. बहाण्यांमागे एवढंच होतं. गुरुवारी व्यापारी म्हैस बघायला येणार होता.

बुधवारी सकाळी ती म्हशीला पाणी मारून धूत होती. मी भिंत धरून गोठ्यात गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. गोळ्या मी घेतच नव्हतो. काढून पाचटात टाकत होतो.

तिचा हात थांबला नाही. पाठ धुऊन झाली, मग पाय. मग म्हणाली, "कितला दिन?"

"अडीच महिने."

"आन डॉक्टरले मी सांगी ऱ्हायनू, रोज लेतस. तुम्ही ऐकी ऱ्हायनात?"

मी हो म्हणालो. तिने बादली उपडी केली आणि घरात गेली.

गुरुवारी व्यापारी आला. रत्नाने त्याला चहा दिला आणि सांगितलं, "म्हैस देनी नही शे, भाऊ. तुम्हले फेरा पडना." त्या दिवशी दुपारी चुलीवर दोन भाज्या झाल्या. माझी बिनमिठाची आणि तिची वेगळी. ती माझ्यासमोर बसून जेवली, सावकाश, दोनदा भाजी वाढून घेऊन. चार दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, "सायकल लेतस का नही?"

मी म्हणालो, "तू सांग."

"मी काबरं सांगू? पाय तुम्हना शेतस. पन म्हैस मन्ही शे, ती आठेच ऱ्हाई." आणि ओसरीत ताडपत्रीखाली ठेवलेल्या माझ्या मोटरसायकलकडे तिने बघितलं. तीन वर्षं मी ती दर रविवारी चालू करून बंद करायचो. पुन्हा चालवीन, असं म्हणायचो. चालवणार नव्हतो, हे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी ती विकली आणि सुरतला फोन केला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनाही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "एवढंच होतं? लघवीचा त्रास सांगितला असता तर त्याच दिवशी गोळी बदलून दिली असती. लघवी न वाढवणारी औषधंही असतात." ज्यांना बीपीची गोळी नकोशी झाली आहे त्यांच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. का नकोशी झाली ते डॉक्टरांना सांगा. कारण लाजिरवाणं असलं तरी सांगा, तिथे रोज असंच ऐकतात.

सायकल येऊन आता चार महिने झाले. घरापासून कारखाना सहा किलोमीटर. मी पहाटेच्या ट्रॉल्यांची रांग ओसरली की निघतो, आणि पाऊण तासात पोहोचतो. चढावर दम लागतो, मग थांबतो. थांबलो तरी सायकल उभी राहते, मी आत बसलेला. गाडीवान बैल हळू करून विचारतात, "आप्पा, खाटलं लिसन कोठे चालनात?" मी सांगतो, काट्यावर. डेअरीच्या ओट्यावरून दारूचं बोलणं बंद झालंय. आता लहानथोर सगळ्यांना एक चक्कर मारायची असते. पेडल मारताना माझे दोन्ही पाय माझं ऐकतात, हे अजून मला रोज नवं वाटतं.

काट्यावर मला परत घेतलंय. दर दोन तासांनी मी खुर्चीवरून उठतो आणि जाऊन येतो. रांग ओरडते. ओरडू देत.

रत्ना माझ्यावरचा राग पूर्ण गेला असं म्हणत नाही, आणि मी विचारत नाही. लोणचं तिने अजून घातलेलं नाही. कुणी बोलावलंही नाही, कारण गावात आणि भावकीत अजून तीच गोष्ट चालू आहे, की रत्नाच्या हातच्या मिठाने आप्पा पडला.

ती गोष्ट मोडायचं काम माझं आहे. लीलाताईला मी अजून सांगितलेलं नाही. ती रत्नाला ज्या बायकांसमोर बोलली, त्याच बायकांना बसवून, ताईच्या देखत, रत्नाच्या देखत, मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे की दोष मिठाचा नव्हता, गोळ्या मी फेकत होतो. रत्नाचं एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.