येळवशीला उघडलेली बाटली

आमच्या बेंबळीकडं येळवस म्हणजे दिवाळीहून मोठा सण. मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव रानात असतं, गल्लीत हाक मारली तर कुत्रंसुद्धा ओ देत नाही. ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आंबवायचं, त्याला लसूण-जिरं लावायचं आणि मातीचं बिंदगं भरून डोक्यावर रानात न्यायचं. सगळ्या घरी जिन्नस तेच, पण एका घरची आंबील दुसऱ्या घरच्यासारखी लागत नाही. म्हणून दुपारी एकमेकांच्या रानात फिरून चव बघायची आणि तोंडावर सांगायचं. तुमची लई आंबली, तुमच्यात मीठच पडलं नाही, तुमच्या सूनबाईचा हात बरा आहे. त्या दिवशी कुणी रागाला येत नाही. आणि दुसऱ्याच्या कोपीवर गेल्यावर पेल्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत. बांधावरून कोर्टात गेलेली माणसंसुद्धा त्या दिवशी एकमेकांची आंबील पिऊन मिशा पुसतात.

एवढं लांबण लावलं, कारण आमच्या धाकट्या लेकीनं स्पेनची बाटली उघडली ती याच दिवशी, अशाच कोपीत.

धाकटी शेतकी शिकली. मग द्राक्षांच्या मागं नाशिककडं गेली आणि वाईनच्या कारखान्यात लागली. गावात आम्ही ‘द्राक्षाच्या कंपनीत आहे’ असं सांगायचो. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. तिथून ती स्पेनला गेली, एका मोठ्या मळ्यावर. तिथं द्राक्षं तोडायची, ती आंबवायची, लाकडी पिंपं घासायची, रस चाखून बघायचा, सगळी कामं. फोनवर हात दाखवायची, कोपरापर्यंत जांभळे झालेले. मी म्हणायची, “जांभळं येचल्यावानी दिसायलीस.” हे पलीकडं पेपर घेऊन बसलेले असायचे. ऐकायचे सगळं, पण तेवढ्या वेळात पेपरचं पान काही उलटायचं नाही.

हे म्हणजे आमचे मालक. त्यांचं आणि दारूचं वैर, आणि ते उगीच नाही. त्यांचा धाकटा भाऊ, माझा दीर, दारूनं गेला. तालमीतला गडी, हसायला लागला की शेजारच्या वाड्यात ऐकू जायचं. पुढं पुढं त्याला हुडकत हे सायकलवर कुठं कुठं गेले असतील, येडशीच्या रस्त्याला धाब्यामागं सापडायचा. घरी आणायचे, आंघोळ घालायचे, सकाळी जवळ बसवून समजवायचे. शेवटी खांदा दिला तोही यांनीच. तेव्हापासून आमच्या घरात थेंब नाही, पाहुण्यालाही नाही. वरातीत कुणी पिऊन नाचायला लागला की हे वरात सोडून घरी येतात. खोकल्याचं औषध आणलं तरी त्यात काय काय घातलंय ते दुकानदाराला दोनदा विचारतात.

माझी जाऊ, म्हणजे त्या दिराची बायको, तेव्हापासून आमच्यातच आहे, एका चुलीवर. यांच्यासमोर तिचा डोक्यावरचा पदर खाली येत नाही आणि थोरल्या दिराशी ती थेट बोलतही नाही. आता अशी रीत कोण पाळतं? पण ती पाळते. हे समोर ताटावर बसलेले असले तरी मला म्हणते, “अक्का, त्यांना ईचारा, भाजी वाढू का?” आणि हेही मलाच सांगतात, “बास म्हणावं.” मी मधी टपालखातं.

तर स्पेनला दोन हंगाम काढून धाकटी सुट्टीवर यायची होती. आधी फोन केला. “आई, मी स्वतः राबले त्या वाईनची एक बाटली आणते. अण्णा घेतील का गं? एकच घोट.”

मी म्हणाले, “आण की. पर घरात नगं काढू. येळवशीला रानात काढ. त्या दिवशी कुणी कुणाला न्हाय म्हणत न्हाय.”

मला वाटलं होतं, रीतच माझं काम करील.

हे तिला आणायला धाराशिवच्या स्टेशनावर गेले. येताना दोघं रिक्षातून हसत उतरले. बॅग यांच्याच हातात होती, आत काय आहे ते यांना ठाऊक नव्हतं.

येळवशीला कोपीत आम्ही घरचे, जावेचा मुलगा, जो धाराशिवला बँकेत आहे, आणि शेजारच्या रानातले मामा. मामा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले तरी आवाज अजून भरल्या गाडीतलाच. पूजा झाली, पहिला घास झाला, आणि धाकटीनं स्वेटरात गुंडाळलेली बाटली काढून जेवायला अंथरलेल्या पांढऱ्या धोतराच्या घडीवर ठेवली.

“अण्णा, ही तिकडची आंबील,” ती म्हणाली. “हिची द्राक्षं तोडायला मी होते, पिंपं मी घासलीत. सगळ्यांनी थोडी थोडी घ्यायची आणि आंबिलीसारखंच खरं खरं सांगायचं.”

हे भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मी आपली घाईनं स्टीलचा पेला पुढं घेतला आणि काठोकाठ भरला.

“आई! आंबील नाही ती! बोटभर घालायची.”

“येळवशीला आर्धा पेला देऊ व्हय? माणसं काय म्हणतील?”

तो भरलेला पेला मामांना गेला. राहिलेल्यांना मग बोटबोटभर. यांच्यापुढंही एक पेला तिनं स्वतः ठेवला, अगदी हळू, देवापुढं ठेवावा तसा.

मामांनी आंबिलीसारखा दणकून घोट घेतला आणि डोळेच मिटले. आम्हाला वाटलं, ठसका लागला.

“पोरी,” ते म्हणाले, “गडबडीत शाईची दौत तर आणली न्हाईस?”

कोपीत हसू फुटलं. धाकटी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

बँकवाल्यानं पेला धरून गोल गोल फिरवला. “मामा, असं फिरवायचं असतंय आधी. मग प्यायचं. मस्त आहे. एकदम स्मूथ.”

“स्मूथ हाय, तर तोंड कशापायी वाकडं केलंस?”

“ऊन लागतंय तोंडावर.”

“कोपीत ऊन? बरं बरं. सायबाला लागतंय ऊन.”

मलाही चव बघायला लावली. खरं सांगायचं तर मला आवडली नाही. कच्च्या जांभळाची साल चघळल्यावर जीभ कशी आखडते, तसं झालं, आणि मागून ओल्या लाकडाचा धूर आल्यासारखं. तिला तसं म्हणाले तर ती म्हणाली, “लाकडाच्याच पिंपात वर्षभर असते, आई.” मी म्हणाले, “मग मडक्यात ठेवा की. आमची आंबील कुठं धुरकट लागती?”

मामांनी तोवर भज्जीचा घास तोंडात घालून वर घोट घेतला होता. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “थांबा. आता बसतंय बघा. नुस्ती पिऊ नगा रं हिला, घासासंगट घ्या. नुस्ती म्हंजे भांडखोर हाय, घासासंगट गुणाची हाय.”

“तिकडंही जेवताना घेतात, मामा,” धाकटी म्हणाली. ती सगळ्यांना उत्तरं देत होती, हसत होती, पण डोळे एकाच पेल्यावर. यांच्यापुढचा पेला होता तसाच होता. त्यात एक मुंगी काठावर चढली, ती तिनं बोटानं काढली.

तेवढ्यात मागं बिंदग्याजवळ बसलेली माझी जाऊ म्हणाली, “मला बी दे गं थोडी.”

तिचा मुलगा म्हणाला, “आई, तू?”

“का? मला जीभ न्हाय?”

तिनं पाठ फिरवून, पदराआड घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. ज्या बाईनं उभी हयात त्या वासाशी काढली, ती काय म्हणते, याची आम्ही सगळेच वाट बघत होतो. गिळून ती म्हणाली, “तुरट हाय. मला काय गोड लागली न्हाय.” मग थांबली आणि माझ्याकडं बघून, पण मोठ्यानं, म्हणाली, “अक्का, त्यांना सांगा, त्यो वास मी झोपंत बी वळखीन. ह्यो त्यो न्हाय. ही पोरीनं केलीया.”

मला सांगायची गरज नव्हती, हे तिथंच होते. खाली बघूनच म्हणाले, “म्हणावं, कळतंय मला.”

धाकटीला धीर आला. तिनं त्यांचा पेला उचलून कोपीच्या दाराकडं उजेडात धरला. “अण्णा, पिऊ नका. ओठाला लावा नुसता. नाहीतर हातात घेऊन बघा तरी, रंग कसा आलाय.”

यांनी हात पुसले. तिच्याकडं बघितलं, पेल्याकडं नाही. “तुझ्या शिक्षणाला, तुझ्या नोकरीला मी कधी आडवा आलो न्हाय, बाळा. पर हे माझ्याच्यानं हुणार न्हाय.”

उठले. पिकाला आंबील शिंपडायची राहिली होती, तो तांब्या घेतला आणि ‘चांगभलं’ म्हणत ज्वारीत शिरले. मागून जाऊ म्हणाली, आणि या वेळी माझं नावही न घेता म्हणाली, “वैऱ्याच्या कोपीवर पेला रिता करून येतेत. लेकीच्या पेल्याला हात लावला न्हाय.” त्यांना ऐकू गेलं असणार. चांगभलं तेवढं क्षणभर थांबलं, मग परत सुरू झालं.

मला त्या वेळी दोघांचंही खरं वाटत होतं. भाऊ असा गेल्यावर माणूस कसा पेला उचलील? आणि ती पोर तरी काय मागत होती? दारू पाजत नव्हती ती बापाला. सातासमुद्रापार राबून काय केलं, ते दाखवत होती. आमच्यातल्या एकानंही तिला त्या मळ्याबद्दल, त्या कामाबद्दल काही विचारलं नाही. सगळ्यांनी चव सांगितली. कुणी शाई म्हणालं, कुणी स्मूथ, मी धूर.

मामा तिला म्हणाले, “आण, वत माझ्यात.” ती “नको मामा” म्हणाली आणि तो पेला तिनं बांधावर ओतला. मग बोअरवर जाऊन सगळे पेले घासले. सुट्टीचे उरलेले दिवस ती छान वागली. बापाबरोबर हरभऱ्यात गेली, माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. पण वाईन हा शब्द तिच्या तोंडून परत आला नाही, आणि यांनी तर तो आधीही कधी उच्चारला नव्हता.

उन्हाळ्यात तिचा फोन आला, स्पेनचं सोडलं म्हणून. पुण्याला एका दुधाच्या कंपनीत लागली, तिथं दूध तपासायचं. मला तर आनंदच झाला, पोर जवळ आली. यांना सांगितलं तर “बरं झालं” म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले. तिन्हीसांजेला परत आले ते चुलीपाशीच बसले.

“माझ्यापायी सोडलं म्हणाली का?”

“न्हाय. तिकडं ऱ्हायच्या परवान्याचं अवघड झालतं म्हणाली. आनि लांब पडत होतं.”

“तसं थेट ईचारलंस का?”

“ईचारलं.”

“मग खरं सांगितलं आसंल का?”

तिला मी परत एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “आई, किती वेळा विचारशील? दूधही चांगलंच काम आहे.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून यांना काय झालं कुणास ठाऊक, वेलींचं विचारायला लागले. बाजारात द्राक्षाची गाडी दिसली की उभे राहतात. “तिकडं पाऊस कमी म्हणत होती न्हवं गं? मग पाणी कुठलं देत आसतील?” मी म्हणायची, “मला काय ईचारताय? लेक तुमची हाय, तिला ईचारा.” फोन हातात दिला की मात्र “जेवलीस का” याच्यापुढं त्यांची गाडी जात नसे.

मागच्या येळवशीला ती पुण्याहून आली. कोपीत या खेपेला यांनी तिला स्वतः वाढलं, खीर, उंडा, वर तुपाची धार. मग तिच्याजवळ मांडी घालून बसले. किती दिवस मनात जुळवलेलं असेल, कोण जाणे.

“का गं,” म्हणाले, “तिकडं वेलीला मांडव करतेत का आपल्यावानी? का झुडपागत ठेवतेत?”

आम्ही सगळे खायचे थांबलो. जावेनं माझा हात दाबला. धाकटीनं उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवला, खाल्ला.

“आता नीट आठवत नाही, अण्णा,” ती म्हणाली. अगदी मऊ आवाजात. “खीर अजून घ्या ना थोडी.”

ज्या वेलींखाली दोन हंगाम पाठ मोडली, त्या कशा उभ्या होत्या ते आठवत नाही, असं कसं होईल? यांनाही ते कळलं. त्यांनी मान हलवली आणि खीर घेतली.

“आठवलं म्हंजे सांग मला,” म्हणाले.

“सांगेन,” ती म्हणाली.

अजून तरी तिला आठवलेलं नाही.