दादा माळवद वाजवायचा

माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकता येतात, चष्मा कपाटात ठेवता येतो. किश्श्यांचं उलटं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आणखी एक आणून टाकतो आणि चहा पिऊन निघून जातो! दादाला जाऊन महिना होत आला, आमच्या सोलापूरच्या घरात आता पाय ठेवायला जागा नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मायनिंग इंजिनियर. आधी फौजेत कॅप्टन, मग विदर्भात कोळशाच्या खाणीत मॅनेजर. मी धाकटा. नववी नापास, जेसीबी चालवतो. आई सगळ्यांना सांगते, "दोन्ही पोरं मातीच उकरत्यात. थोरला खालनं, धाकटा वरनं!"

दादाची पोरगी गौरी. तीही मायनिंग इंजिनियर झाली आणि तिला जमिनीखालच्या खाणीत नोकरी लागली. हजर व्हायचा दिवस जवळ आलेला, आणि वहिनी म्हणाली, "न्हाय." एवढंच. त्या "न्हाय"वर येतोच. आधी वहिनी घरात कशी आली ते ऐका.

*

दादा मुलगी बघायला मंगळवेढ्याला गेला. वहिनीच्या माहेरचं घर मातीच्या माळवदाचं. आता खाणीतल्या माणसाला एक खोड असते. बसायच्या आधी काठीनं छत ठोकून आवाज ऐकायचा. भरीव वाजलं तर बसायचं, पोकळ वाजलं तर सरकायचं.

पोहे आले, वहिनी आली, आणि हा कोपऱ्यातली छत्री घेऊन माळवद ठोकत उभा! टक, टक, टक. पोह्यांत माती.

वहिनीचे वडील बघत राहिले, मग म्हणाले, "पाव्हणं, पोरगी हितं खाली हाय की!"

"मामा, तुम्ही जरा इकडं सरका," दादा म्हणाला. "तुमच्या डोक्यावर पोकळ वाजतंय."

पदराआडून वहिनी फसकन हसली, आणि लग्न जमलं.

ते माळवद अजून पडलेलं नाही. पण मामा मरेपर्यंत त्या जागी परत कधी बसले नाहीत.

*

खाणीतला आणखी एक नियम. सगळी माणसं वर आल्याशिवाय साहेब वर येत नाही. दादानं हा नियम रेल्वेलाही लावला.

एकदा होटगी स्टेशनवर आम्ही सगळे घरचे. गाडी आली. दादा दारात उभा राहून एकेकाला चढवतोय. आई, वहिनी, गौरी, मी, पिशव्या. आमचे संपले तर मागची अनोळखी माणसंही चढवायला लागला. एका आजीचं गाठोडं, एका चाचांची शिलाई मशीन. "सावकाश, सावकाश, ढकलू नका!"

गाडी सुटली. आम्ही सगळे आत, साहेब प्लॅटफॉर्मवर!

वहिनी खिडकीतून ओरडली, "अहो, तुमी?"

दादानं लांबूनच अंगठा दाखवला. सगळी माणसं सुखरूप चढली म्हणून खूश.

चाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, मैं तो समझा वो गार्ड है!"

*

मोहोळजवळ एका विहिरीत सुरुंग लावायचा होता. काम परवानावाल्याचं, माझा जेसीबी, आणि सुट्टीवर आलेला दादा नुसता बघायला. पण नुसतं बघणं त्याला कुठं जमतंय! त्यानं अख्खी वस्ती लांब नेली. माणसं, म्हशी, शेळ्या. एक कोंबडी सापडेना तर ती सापडेपर्यंत काम बंद. सगळे उन्हात श्वास धरून उभे.

आणि सुरुंग वाजला. फुस्स!

शेतकरी म्हणाला, "सायेब, आमचा म्हातारा जेवल्यावर यापेक्षा जोरात ढेकर देतोय की!"

सगळे हसून लोळले. दादा हसला नाही. "कोंबडीसुद्धा जागेवर आहे ना?" म्हणाला. "मग हसा."

*

आता गौरी. तिनं बारावीनंतर मायनिंगचं नाव काढलं आणि वहिनीनं ताट सरकवलं. "ह्यांची वाट बघून माझं निम्मं आयुष्य दारात गेलं. आता पोरीची बघू? मला न्हाय जमायचं."

दादा शहाण्यासारखा पोरीला म्हणाला, "तुझी आई म्हणेल तसं."

कॉलेजची वहिनीनं कशीबशी परवानगी दिली. "शिक. पण नोकरी ऑफिसातली, पंख्याखाली."

एका दुपारी वहिनी बाजारातून लवकर परतली. घरात खिडक्या बंद, मिट्ट अंधार. दिवा लावला तर बाप-लेक पोटावर सरपटत पलंगाखालून बाहेर येताहेत! दादा तिला बुटक्या जागेत अंधारात कसं सरकायचं ते शिकवत होता.

"काय चाललंय?"

"उंदीर शोधतोय," दादा म्हणाला.

"व्हय का? उंदराला हेल्मेट लागतंय?"

*

तो गेला तेव्हा खाणीत नव्हता, सीमेवरही नव्हता. रिटायर होऊन घरी आलेला, अंगणात खुर्चीवर, सकाळचा चहा पिता पिता गेला. एवढ्या धोक्यांतून आलेला माणूस, आणि चहा! मला अजून राग येतो. कुणावर ते कळत नाही, म्हणून जेसीबीवर काढतो.

*

मागच्या आठवड्यात खाणीच्या कॉलनीत दादाची शोकसभा होती. आम्ही तिघं गेलो, वहिनी, गौरी आणि मी. गौरीच्या नोकरीवर वहिनीचं "न्हाय" अजून कायम. भाषणं झाली, हार झाले. निघताना वहिनी नव्या मॅनेजरला म्हणाली, "मला खाली जायचंय. ते कुटं काम करायचे ते बघायचंय."

इतकी वर्षं कॉलनीत राहिली, पण खाली कधी उतरली नव्हती. मॅनेजरनं परवानगी दिली. साडी खोचून तिनं गमबूट घातले, डोक्यावर हेल्मेट, त्याला दिवा. गौरीनं आईच्या हेल्मेटचा पट्टा आवळला.

पिंजऱ्यासारख्या लिफ्टचं दार लागलं आणि पायाखालची जमीन गेली! मी रोज माती उकरणारा गडी, डोळे गच्च मिटले आणि देवाचं नाव घ्यायला लागलो.

"भावजी," अंधारातून वहिनीचा आवाज आला, "माझा हात सोडा. मोडंल."

खाली फोरमननं एक लाकडी फळी दाखवली. "मॅडम, साहेब इथं डबा खायचे. सगळ्यांचं झाल्यावर."

वहिनी त्या फळीवर बसली. कोळशाच्या भिंतीवर तळहात टेकला. भिंतीतून पाणी झिरपत होतं. तिनं विचारलं, "पाणी रोज असंच गळतंय?" फोरमन म्हणाला, "रोजच." वर आलो तेव्हा तिच्या कपाळावर काळा पट्टा उमटलेला, आणि तिनं तो पुसला नाही.

परतीच्या गाडीत बसलो. गौरी पुढच्या सीटवर, काचेतून सरळ समोर बघत. मी तिच्या मानेकडं बघत. कॉलनीचं गेट मागं गेलं, चौक मागं गेला.

मग वहिनी म्हणाली, "खाली लई दमट हाय गं. चपातीला वास येईल. कडक भाकरी नेत जा. आणि शेंगाचटणी."