वाकळेच्या गाठी

परवा काकूची ट्रंक आवरून देताना डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती वाकळ हाती आली. फौजेतून निवृत्त झालेल्या काकांनी भंगारातून एक जुना ट्रेलर आणला होता, जीपमागं जोडून ओढायचं चाकांवरचं घरच. त्याच्या पुढच्या बाकदार काचा आता कुठंच मिळत नव्हत्या, म्हणून काकूनं जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवून ती काचांवर बांधायला नाड्या लावल्या होत्या. "जीपच्या चाकानं खडा उडतो रं," काका बजावायचे. उंब्रजहून इस्लामपूरला लग्नाला निघालो होतो. कराडात चहा झाला, काका जीपमध्ये जाऊन बसले, आणि मांडवापुढं हे ठिगळांचं ध्यान बघून लोक हसतील म्हणून मी गुपचूप गाठी सोडल्या. काकूनं पाहिलं आणि ती जीपमध्ये जाऊन बसली. पुढं रस्त्याचं काम चालू होतं. गरम डांबराचा वास, सगळीकडं खडी. मागं काच फुटली तो आवाज जीपमध्येही ऐकू आला. काका उतरून ओरडले, "वाकळ कुणी काढली?" मी उतरून काचा वेचायला लागलो. "आवं, मीच काढली. धुळीनं भरली हुती, झटकून बांधायची ऱ्हायली," काकू म्हणाली. काकांनी त्या जागी पत्रा ठोकला, आणि पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांदेखत तिला त्या काचेवरून बोलत राहिले. मी समोर बसून चहा पीत असे. ज्यांना खरं सांगायचं होतं ते काका आता नाहीत. उरली काकू, आणि तिला ते पहिल्यापासून ठाऊक आहे.