स्टुडिओचा स्पीकर आणि माझी दाद

दुसऱ्याची फजिती सांगायला मला चहासुद्धा लागत नाही. पण ही स्वतःची आहे, भिया, तेव्हा आधी कप भरा. आणि ती शेव इकडे सरकवा. हां, आता ऐका.

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात घरं कमी आणि मैदान जास्त होतं, तेव्हाची गोष्ट. मध्यप्रदेश होऊन फार वर्षं झाली नव्हती. म्हातारी माणसं अजून बोलायला सुरुवात करायची ती 'आमच्या संस्थानात' इथूनच. त्यातलेच एक माझे सासरे, तात्यासाहेब. वडील दरबारात, स्वतः कचेरीत, आणि जीव सगळा गाण्यात. मी सातवी नापास, परदेशीपुऱ्यात कापडाच्या गिरणीत मागावर कामाला. त्यांनी मुलगी मला का दिली, ते त्यांनाही कधी समजलं नाही.

पण एका बाबतीत माझी किंमत होती. माझी दाद!

त्यांच्या घरी गणपतीत बैठक व्हायची. तात्यासाहेब गायचे, आम्ही ऐकायचो. आणि ताल फिरून फिरून समेवर, म्हणजे आपल्या घरी, येऊन टेकला की माझी आरोळी उठायची, "वा! क्या बात है!" पुढे नाही, मागे नाही. एका वर्षी ओळखीतल्या देवळ्यांनी टेप-रेकॉर्डर आणून सगळी बैठक उतरवून घेतली. देवळे रेडिओत इंजिनिअर. मग काय! येईल त्याला सासरेबुवा ती टेप ऐकवायचे.

"माझे दोन मुलगे बी.ए. आहेत. पण कान? कान या अंगठाबहाद्दराला! ऐका त्याची 'वा'!"

मी मान खाली घालून बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा. आता तुम्हीच सांगा, लोकांचा गैरसमज दूर करणं हे काय माझं काम आहे?

एक दिवस तात्यासाहेबांनी जाहीर केलं, "पंचाहत्तरीला माझा तंबोरा मी जावईबापूंना देणार. गाणारे ढीगभर आहेत. ऐकणारा एकच."

दरबारातून आलेला तंबोरा! माझे दोन्ही मेहुणे असे बघायला लागले, जसा मी त्यांच्या ताटातला लाडू उचलला. कुसुम, म्हणजे आमची बायको, उठून पाणी आणायला गेली, आणि पाणी काही आणलं नाही. लहानपणी भावांना शिकवणी चालायची, तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. हिला कोणी बस म्हटलं नाही. हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली होती की पलीकडचं काही दिसत नव्हतं.

मला वाटलं, एवढा तंबोरा मिळतोय तर आपणही सासऱ्यांना काहीतरी जोरदार द्यावं. परदेशीपुऱ्यातल्या कबाड्याकडे गेलो, तर कोपऱ्यात एक लाकडी पेटारा. धान्याच्या कोठीएवढा.

"ये के है, भिया?"

"रेडियो का स्पीकर है बाबूजी! स्टूडियो वाला, लीलाम में छूटा है. अंदर जो गाना होता है ना, साहब लोग इसी पे सुनते हैं. पूरे इंदौर में ऐसी आवाज नी मिलेगी."

झालं! साहेब लोक ज्याच्यावर ऐकतात, त्याच्यावर माझे सासरे. टांग्यात तो पेटारा ठेवला, तर मला बसायला जागा उरेना. पायदानावर लोंबकळत निघालो. टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, इसमें भरा के है?"

"हमारे ससुरजी!" मी म्हटलं. बिचारा राजेंद्र नगरपर्यंत घोड्याशीसुद्धा बोलला नाही.

जोडणी करायला देवळ्यांना बोलावलं. त्यांनी पेटारा बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे घरात गाणं ऐकायचं यंत्र नव्हे. घरचा स्पीकर गोड करून सांगतो. हा आहे तसं सांगतो. रेकॉर्डिंगमधल्या चुका पकडायला ठेवतात हा."

"देवळेजी, चुका ज्याच्या असतील त्याच्या पकडेल ना! तुम्ही वायर जोडा."

काय माझी ऐट!

पंचाहत्तरीचा दिवस. सकाळी पोहे-जिलेबी झाली. पाहुणे सतरंजीवर. मधोमध तंबोरा, त्याला झेंडूचा हार. मी उभं राहून भाषण ठोकलं, "आजपर्यंत तुम्ही तात्यासाहेब ऐकले ते डब्यातले. आज खरे ऐका!"

देवळ्यांनी बटण दाबलं.

अहाहा! आलाप असा निघाला की तात्यासाहेब प्रत्यक्ष समोर बसलेत आणि पेटाऱ्यातही बसलेत! पान चघळणारा तबलजी ऐकू आला. बाहेर सायकलची घंटी वाजली, तीही ऐकू आली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी मिशीला हात लावला.

आणि पेटाऱ्यातून आवाज आला, "घुर्रर्र..."

तात्यासाहेबांनी कान टवकारले. "हे काय? तंबोऱ्याची जवारी बिघडलीय का?"

"घुर्रर्र... घुर्रर्र..." मग बांगड्या वाजल्या, 'किण्ण!' मग कोणीतरी दचकून श्वास आत ओढला, 'हुंक्!' आणि लगेच माझी ती प्रसिद्ध आरोळी, "वा! क्या बात है!"

देवळे छताकडे बघायला लागले.

मला वाटलं, एकदाच असेल. अहो कसलं एकदाच! घुर्रर्र, किण्ण, हुंक्, वा! घुर्रर्र, किण्ण, हुंक्, क्या बात है! एकदा तर कुसुमचा आवाजही आला, हळूच, "उठा ना!" मेहुणे सतरंजीवर लोळायला लागले. एकाला जिलेबीचा ठसका लागला.

गिरणीत दिवसभर मागांचा खडखडाट, भिया! शांत जागा मिळाली की माझा डोळा लागायचा. कुसुम नेहमी बायकांच्या पहिल्या ओळीत, बरोबर माझ्या पाठीमागे बसायची, आणि कोपर मारायची. एवढंच आमचं शास्त्रीय संगीत!

"बंद करा!" मी ओरडलो.

"खबरदार!" तात्यासाहेब म्हणाले. "मागे घ्या. पुन्हा लावा."

तंबोरा गेला तर जाऊ दे. पण हा म्हातारा इतकी वर्षं माझ्या 'वा'च्या भरवशावर गात होता हो! त्याचं काय करू? ते डोळे मिटून बसले, मांडीवर हाताने ताल धरला. पुन्हा घुर्रर्र, पुन्हा किण्ण. त्यांनी बोट वर केलं.

"ही बांगडी बघा. समेच्या आधी एक मात्रा. प्रत्येक वेळी!"

लोळणारे मेहुणे उठून बसले.

"जावईबापूंना जागं व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा आधी धरून कोपर बसतंय. आणि 'वा' पडतेय समेवर. अरे, ऐकतंय कोण मग?" त्यांनी डोळे उघडले. "कुसुम!"

कुसुम दारात उभी होती. तशीच, लहानपणी उभी राहायची तशी.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच, तात्या. भावांना शिकवत होता ना, तेव्हा."

तात्यासाहेबांनी स्वतः उठून तंबोऱ्याचा हार काढला आणि म्हणाले, "ये. बस इथे." एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. तिशी उलटलेली शिष्या, पंचाहत्तरीचे गुरू! मी मुलांना घेऊन पोळ्या जाळत बसलो. पुढची सहा वर्षं, ते गेले तोपर्यंत, एक दिवस खाडा नाही.

तो पेटारा अजून आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. कुसुम आजही सकाळी रियाझ करते, आणि समोर श्रोता एकच, मी. पण तिचे दोन्ही हात कामात, कोपर मारणार कोण? म्हणून मी जागा राहतो. चांगला जागा राहतो, असं माझं मत होतं.

परवा तिने आपलं गाणं टेप केलं आणि त्या पेटाऱ्यावर लावलं. घुर्रर्र... घुर्रर्र... वा! घुर्रर्र... क्या बात है!

मध्ये किण्ण नाही, हुंक् नाही. मी थक्क! "म्हणजे मी झोपेतच दाद देतो?"

"हो. आणि अगदी समेवर," ती म्हणाली.

मी मिशीला हात लावला. तिचा बाप काही खोटं बोलत नव्हता! "मग जागेपणी तर विचारूच नको!"

"जागेपणी चुकते तुमची दाद," ती चहा गाळत म्हणाली. "म्हणून तर मी उठवत नाही."