चमकी झाडणारी मावशी

झेरॉक्सवाल्या मावशीच्या कपाळावर, हातांवर, पदरावर कायम चमकी असायची आणि चमकीचा तिला मनस्वी राग होता. मोहाडीत तहसील कार्यालयासमोर तिचं एवढंसं दुकान. बारावीचा निकाल लागला की आम्ही पोरीपोरं कॉलेजचे अर्ज घेऊन तिच्यापुढे उभे. कुणाच्या अर्जाला स्केचपेनची वेलबुट्टी, कुणाच्या लेस, कुणाच्या नावावर सोनेरी चमकी. मावशी अर्ज दाराशी नेऊन फडाफडा झाडायची. "अर्ज आहे बापा, लगनाची पत्रिका नाही," हे वर ऐकून घ्यायचं.

शेजारचा फाइलवाला सजवलेल्या फाइली खपवायचा. सजावटीशिवाय अर्ज नजरेत भरत नाही, असं तो छातीठोक सांगायचा. एकदा चमकी झाडली म्हणून एका पोराचे वडील मावशीवर उखडले. तिनं मशीनचं झाकण उघडून काच दाखवली. "तुमच्या पोराची चमकी इथं सांडते, अन् मागच्या दहा जणाईच्या मार्कशीटवर ठिपके उमटतात. त्याईनं काय केलं?" ते तडक फाइलवाल्याकडे गेले. मावशीनं त्यांना थांबवलं नाही.

मी जवळच्याच आंधळगावची. पुण्याच्या एकाच कॉलेजपुरता बाबांनी कसाबसा होकार दिलेला. तिथं नंबर लागला नाही तर शिक्षण संपलं. म्हणून मी चारी कोपऱ्यांत मोर काढले, स्वतःविषयी 'नेतृत्वगुण' लिहिले आणि मामेभावानं आणून दिलेलं वृक्षारोपण शिबिराचं प्रमाणपत्र जोडलं. मावशीनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"या शिबिरात तू होती?"

मी खाली पाहिलं.

"मंग शाळा नसली का काय करतेस वं?"

"आईसोबत धानाची रोपं लावाले, रोवण्याले जातो."

"ते कुठी आहे यात?"

"धानाचं काय लिहू मावशी? हसतील ते."

"हसू दे. तू चिखलात उभी राहतेस, ते मोर नाही राहत."

कोरा कागद देऊन तिनं मला तिथंच बाकावर बसवलं. मी रोवण्यावर चार ओळी लिहिल्या, तिनं प्रमाणपत्र परत केलं आणि मोर नसलेला अर्ज गेला. नंबर लागला नाही.

मी तिच्या दुकानात जाऊन रडले, भांडले. "तुमच्यामुळं झालं! मोर असते तं निदान पाहिलं असतं!" तिनं ऐकून घेतलं, पण माघार घेतली नाही. "मोर असते तं मोराईले नाही म्हटलं का तुले, हे समजलं असतं का? आता समजलं न. चारच ओळी लिहिल्या होत्या तू, भिऊन भिऊन. आता पुरं लिही." आणि पुढच्या उन्हाळ्यात दुकान बंद ठेवून ती आमच्या घरी आली. बाबांसमोर बसून म्हणाली, "भाऊ, पोरगी एक डाव खरं लिहून हरली. अजून एक डाव लिहू द्या." बाबांनी आईकडे पाहिलं. मग आईनंच चहा ठेवला आणि मला कागद आणायला सांगितलं.

त्या वर्षी मी तीन पानं लिहिली. नंबर लागला.

सजावटीनं अर्ज तरतो की बुडतो, हे मावशीलाही नक्की ठाऊक नव्हतं, असं आता वाटतं. आमच्या गावांतली पोरं स्वतःला झाकून पाठवतात, याची तिला चीड होती. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. मला वेळेवर कळलंही नाही, याचं वाईट अजून वाटतं.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते आणि प्रवेशाच्या टेबलावर बसते. यंदा आमच्याच भागातल्या दिघोरीच्या एका मुलीचा अर्ज आला. लेस, चमकी, कोपऱ्यांत पोपट. एका सहकाऱ्यानं तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, सगळे हसले, आणि त्यानं तो न वाचताच नाकारलेल्या गठ्ठ्यावर टाकला. मी उठले. अर्ज उचलला, खिडकीशी नेऊन फडाफडा झाडला, लेस ओढून काढली आणि परत येऊन मोठ्यानं वाचायला लागले.

"मॅडम, तुमच्या कपाळाला चमकी लागलीय," कुणीतरी म्हणालं.

"राहू द्या," मी म्हटलं. "आधी ऐका."