गुडघ्यांचा डॉक्टर

इरा, निखिल — ही गोष्ट मी तुमच्या बाबालाही सांगितलेली नाही. सांगायला बसले की मध्येच उठते. गॅस बघते, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालते. आज उठायचं नाही, असं ठरवलंय.

तुम्हाला ठाऊक आहे, मी लातूरहून नांदेडला गुडघे दाखवायला जायचे. माझे गुडघे कधीच दुखत नव्हते. शाळेतून निवृत्त झाल्यावर सकाळी उठावंसं वाटेना, भाजी चिरतानाही रडू यायचं. मी मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होते. लातुरात का नाही? इथं निम्मं गाव माझे विद्यार्थी — त्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी ‘मॅडम, तुम्ही इथं?’ म्हणालं असतं तर? गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ठेवायचे. आणि या वयात बाईचे गुडघे दुखतात म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही.

मला बरं वाटलं. हे नीट लक्षात ठेवा — त्या उपचारांनी मला बरं वाटलं.

मग तुमच्या आजोबांचं सुरू झालं. रोज औसा रोडनं लांबवर फिरून येणारा माणूस घरात बसू लागला. जेवता जेवता हात थांबायचा. वय झालं, असं मी सगळ्यांना सांगायचे. मला कळत नव्हतं? कळत होतं. माझंच तर होतं ते सगळं.

एका रविवारी भास्करभाऊजी, त्यांचे धाकटे भाऊ, चहाला आले होते. आजोबा कपाकडे बघत मला म्हणाले, “तुझ्या त्या नांदेडच्या डॉक्टरला माझेबी गुडघे दाखवावेत का गं?”

भाऊजी खो-खो हसले. “दादा, तुमचे गुडघे? औशाला चालत जाऊन जेवायला परत येताल की! वहिनी, तुमची नांदेडची चैन ह्यांना बघवंना झालीय.”

आजोबा हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं — कधीपासून, कोण जाणे. मला उघडं न पाडता, माझ्याच शब्दांत ते विचारत होते.

आणि मी काय म्हणाले? “तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. बायकांसारखं काय घेऊन बसलात!”

भाऊजी आणखी हसले. मीही हसले.

का? घरातली दोघंही तसल्या दवाखान्यात, हे लोकांना कळलं तर — ही भीती होती. पण तेवढंच नव्हतं. गडी माणूस, सत्तरी ओलांडलेला. त्याचं आता कुणापाशी काय बोलायचं राहिलंय, असं मला आतून वाटत होतं. इरा, त्याच सुमारास तू समुपदेशकाकडे जातेस म्हणालीस, आणि मी म्हटलं, शाबास, त्यात लाज कसली?

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. नांदेडला मात्र जात राहिले. ते मला स्टँडवर सोडायला यायचे, माझी पिशवी धरून. बस हलेपर्यंत उभे असायचे.

ते हृदयविकारानं गेले, हे तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. पण आजोबा आमच्याशी फोनवर का बोलत नाहीत, असं तुम्ही विचारायचात तेव्हा मी सांगायचे ते खोटं होतं. त्यांना मोबाइलचा कंटाळा नव्हता. तुमचा फोन आला की ते शेजारच्या खोलीत टीव्ही बंद करून ऐकत बसायचे. त्यांचं रडणं तुम्हाला ऐकू जाईल, म्हणून मी दार लोटून घ्यायचे.